अंगठा

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. रात्रीचे सव्वाअकरा. इंदिरा डॉकात कडधान्याचं जहाज लागलेलं, आमची टोळी दुसऱ्या पाळीला. नाकावरचा रुमाल खाली ओढून मी फोन बघितला. आपल्या अप्रेंटिस पोरांच्या ग्रुपवर एका पोराचा मेसेज होता. "दादा, आज बी स्टायपेंड झाला नाही. खोलीवाला भाडं मागतोय. काय करू?"

मी काय केलं? अंगठा टाकला.

माझ्या अंगठ्याखाली आणखी आठ-दहा अंगठे पडले. एकानं हात जोडले. एकानं निळा झेंडा टाकला. एकानं बाबासाहेबांचा फोटो टाकून खाली लिहिलं, संघर्ष करा. मग कुणीतरी क्रिकेटचं काहीतरी टाकलं आणि पोराचा मेसेज वर सरकत सरकत दिसेनासा झाला. चौथ्या दिवशी एक ओळ उमटली, अमुक नंबरनं ग्रुप सोडला. तिच्यावर कुणी अंगठासुद्धा टाकला नाही.

पोरगा पाथर्डी तालुक्यातला. दोन वर्षं आयटीआय, फिटर ट्रेड. आईनं शेळी विकून त्याला मोबाइल घेऊन दिलेला. नागापूरच्या एमआयडीसीत अप्रेंटिसला लागून सातवा आठवडा चाललेला. आता तो आईबापाबरोबर निपाणीकडं उसाच्या फडात आहे. मायक्रोमीटर धरायला शिकलेल्या हातात कोयता आहे.

आपल्या आज्यापणज्यानं सावकाराच्या वहीत अंगठा दिला, कारण त्याला सही येत नव्हती. एकलव्याचा अंगठा तर गुरूनंच मागून घेतला. माझा अंगठा ना सावकारानं मागितला ना द्रोणाचार्यानं. मी दहावी पास आहे, कविता छापून आणतो, आणि मी तो आपणहून काचेवर टेकवला. पोराला वाटलं असेल, दादानं वाचलं, आता काहीतरी करील. दादा पुन्हा हाऱ्यात शिरला होता.

म्हणून हे संपादकीय. कविता आतल्या पानांवर आहेत, त्यांना आग लागलेली आहे, वाचा. इथं मला अप्रेंटिसवर बोलायचंय.

मला माहीत आहे, काही दोस्त नाक मुरडतील. म्हणतील, हे एनजीओवाल्यांचं काम. चळवळीनं व्यवस्थेशी झुंजायचं की कारखानदाराला शिकलेला मजूर पुरवायचा? प्रश्न चुकीचा नाही. पण सालं, एक गोष्ट मला कळत नाही. सोनई २०१३, खर्डा २०१४, शिर्डी २०१५. आपल्या नगर जिल्ह्यातल्या या गावांची नावं आपल्याला मोर्च्यांमुळं पाठ आहेत. पोरगं मेलं की आपण ट्रक भरून जातो, गेलंच पाहिजे. पण त्याच तालुक्यांतलं पोरगं जिवंत असताना एमआयडीसीच्या कँटीनमध्ये सात आठवडे एकटं जेवतं, तेव्हा आपण कुठं असतो? कुठला मोर्चा काढायचा त्याच्यासाठी? एकटं जेवण्यावर ॲट्रॉसिटी लागत नाही.

हे मी ऐकून सांगत नाही. २०२१ साली दहावीच्या जोरावर मीही एका कारखान्यात अप्रेंटिस होतो. कारखान्याचं नाव सांगून काही उपयोग नाही. माझ्या हातात पहिल्या दिवशी झाडू दिला, दुसऱ्या दिवशी ट्रॉली. लेथ मी लांबून बघितलं. चहाच्या सुट्टीत एकानं विचारलं, "पूर्ण नाव काय?" आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे हा प्रश्न काय विचारतो. मी पूर्ण नाव सांगितलं. त्यानं मान हलवली, चांगलं चांगलं म्हणाला, आणि त्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही. शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. शिवी कुणी दिली नाही. मारलं नाही. ताट वेगळं ठेवलं नाही. फक्त माझ्या आजूबाजूला हवा भरून ठेवली. खोलीचं तसंच. फोनवर खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की तासाभरापूर्वीच गेलेली असायची. सातव्या आठवड्यात मी पिशवी उचलली. घरी सांगितलं, काम जमत नाही. माझ्या फाइलीत काय लिहिलं असेल मला माहीत आहे: उमेदवार स्वतःहून सोडून गेला.

मग मामाबरोबर मुंबईला, गोदीत. काम अप्रेंटिसपेक्षा दहापट जड. पाठ मोडते, घशात धान्याचा कोंडा बसतो, रात्र-दिवस कळत नाही. तरी मी टिकलो. का टिकलो? पहिल्याच दिवशी टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाला स्वतःचा रुमाल बांधला आणि सांगितलं, "माल हवेत असला की खाली थांबायचं नाही. मागं सरायच्या आधी मागं बघायचं. आन् दुपारी माझ्या डब्यात बसायचं." तिसरं वाक्य नसतं तर पहिल्या दोनांचा उपयोग झाला असता की नाही, सांगता येत नाही.

मला सांगायचंय ते एवढंच आहे. आपलं पोरगं अप्रेंटिस सोडतं ते काम जड म्हणून नाही. त्याला टोळी नसते म्हणून.

दुसऱ्यांना असते. दुसऱ्याचं पोरगं कारखान्यात येतं तेव्हा त्याचा पाव्हणा आधीच मेन्टेनन्समध्ये असतो. गावचा कुणी स्टोअरला असतो. कुठला सुपरवायझर तापट, कुठला मशीनवर हात लावू देतो, पगाराच्या तारखा खऱ्या कुठल्या, खोली कुठं मिळेल, हे सगळं त्याला गेटपास मिळायच्या आधी माहीत असतं. त्याचा ग्रुप फोनवर बनवावा लागत नाही. तो सोयरिकीत बनलेला असतो, त्याच्या जन्माच्या आधी. ॲडमिन मामा. आणि त्या ग्रुपला कुणी जातीयवाद म्हणत नाही, ओळख म्हणतात.

मुंबईच्या गिरण्यांत हेच होतं. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथं अस्पृश्याला घेत नसत. धागा तुटला की तोंडात धरून ओला करावा लागे, आणि आपल्या थुंकीनं त्यांचा धागा बाटत होता. आपल्याला कमी पगाराच्या खात्यांत ढकललं होतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल झेंडेवाल्यांच्या तोंडावर मांडला. विणकर काही शाळेत तयार होत नव्हता. तो जवळच्या माणसाच्या शेजारी मागावर उभा राहून तयार होत होता. शेजारी उभं राहू दिलं नाही की कसब बंद. थुंकी हे निमित्त.

बाबासाहेबांनी ही नस पुढंही सोडली नाही. १९४२ च्या ऑक्टोबरात, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारपुढं ठेवलं. त्यात परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला, नोकऱ्यांत वाटा मागितला, आणि सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत आमची पोरं उमेदवार म्हणून घ्या, हेही मागितलं. घटना लिहायला बसायच्या आधी ते आपल्या पोरांच्या हातात पाना द्या म्हणत होते. तेव्हा हे काम एनजीओचं आहे म्हणणाऱ्या दोस्तानं जरा तारखा बघाव्यात.

पुढं १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला. १९७३ साली, म्हणजे पँथरचा जाहीरनामा निघाला त्याच साली, त्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक केलं, माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. त्याच नियमांनी दर महिन्याचं विद्यावेतन दहावी पासला कमीत कमी ६,००० आणि आयटीआय पासला ७,००० ठरवलं. मे २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेनं ते ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली. म्हणजे दार आहे, दारावर आपली पाटीही आहे. पोरगं आत जातं. आत गेल्यावर टिकत नाही, तेव्हा आरक्षणाची जागा भरलेलीही दिसते आणि रिकामीही राहते. प्रस्थापिताला याच्यापेक्षा सोयीचं काय असणार? तो म्हणायला मोकळा, आम्ही घेतो हो, तुमचीच पोरं पळतात.

सोडून जाणं हे काही आपल्याच पोरांचं खूळ नाही. जर्मनीचा अप्रेंटिस सगळ्या जगात नावाजलेला, तिथंही २०२२ साली शंभरातले जवळजवळ तीस करार मुदतीआधी मोडले. तिथल्या कितीतरी पोरांना दुसरा मालक मिळतो. आपल्या पोराला मुकादम मिळतो.

हा मुकादम नीट समजून घ्या. आयटीआयचं वर्ष उन्हाळ्याच्या शेवटाला, पावसाळ्यात संपतं. अप्रेंटिसच्या जागा भरतात गणपती-नवरात्राच्या आसपास. नियम असा की महिन्याचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत मिळालं पाहिजे. ते वेळेवर आलं तरी पोरानं महिना-सव्वा महिना खिशातून काढलेला असतो. खोलीचं डिपॉझिट, खानावळ, एस्टी. उशीर झाला तर दिवाळी तोंडावर. आणि नेमक्या त्याच दिवसांत पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वस्त्यांवर मुकादम उचल घेऊन फिरत असतो. जोडीमागं एकरकमी, रोख, हातात. इकडं सात हजार येतील-येतील, तिकडं नोटा मोजून दिलेल्या. बापाचा फोन येतो, "तुझं झालं का काही? नाहीतर चल, माणूस कमी पडतंय." तुम्ही काय केलं असतं?

त्यात सरकारचा वाटा वेगळा. २०१६ साली निघालेल्या योजनेत सरकार विद्यावेतनातला चौथा हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, उचलतं. आधी तो मालकाला मिळायचा, २०२३ पासून थेट पोराच्या खात्यात टाकायचं ठरलं. चांगलं झालं. पण थेट म्हणजे आधारला जोडलेलं खातं, आणि तिथं नाव जुळावं लागतं. आपली नावं जुळतात कुठं? शाळेत मास्तरनं एक लावलं, आधारवाल्यानं दुसरं, बापानं मध्येच आडनाव बदललेलं. एका अक्षराच्या वेलांटीपायी पैसे अडकतात आणि पोराला वाटतं कंपनीनं खाल्ले. कधी ते खरंही असतं. खरं कुठलं आणि वेलांटी कुठली, हे सांगणारा जवळ कुणी नसतो.

जुन्या पिढीला असा सांगणारा होता. आपल्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिलं, त्यात नागपाड्याजवळचा कावाखाना आहे. दाटीची, अंधारी, माणसाला लाज वाटावी अशी जागा. पण गावाकडनं आलेल्या माणसाला पडायला कुणाची तरी वळकटी होती. आमच्या आज्यांच्या वेळी गोदीतही असंच चाललं. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगारांना नोंदणी आणि हक्क मिळाले, पण त्याआधी त्यांना एकमेकांची वळकटी होती. आता आम्ही ठेकेदाराच्या टोळीत, कायदा वरून उडून जातो. ते पुन्हा कधीतरी.

तर कावाखाना आता फोनवर बांधायचा का? मी म्हणतो, हो. पण फोन ही आपल्यासाठी साधी वस्तू नाही हे ध्यानात ठेवून. मे २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका पोराच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि पोराचा खून झाला. नर्सिंग शिकत होता तो. शिकाऊच होता. त्या दिवसापासून कितीतरी आयांनी पोरांना सांगितलं, फोन मुका ठेव. ज्यानं फोन मुका ठेवला त्याचं तोंडही मुकं झालं. कारखान्यात पोरं ग्रुपचं नाव बदलून ठेवतात. कुणाचा "फिटर बॅच" असतो, कुणाचा "मेस". माझं त्याला काही म्हणणं नाही. घरात दिवा लावलाय हे चोराला ओरडून सांगायची गरज नसते.

दिवाळीनंतर आम्ही ग्रुप मोडून नव्यानं बांधला. नागापूर, सुपे, श्रीरामपूर, शिवाय एस्टीच्या वर्कशॉपात आणि वीज कंपनीत लागलेली पोरं. फार नाहीत, एका एस्टीत मावतील, दोन-तीन उभी राहतील. पहिला नियम केला तो अंगठाबंदीचा. कुणी अडचण लिहिली तर अंगठा, हात, फूल, झेंडा काही नाही. उत्तर द्यायचं तर अक्षरांत द्यायचं, नाहीतर फोन करायचा. उत्तर नसेल तर "मला माहीत नाही, विचारून सांगतो" हे लिहायचं आणि विचारायचं. झेंडा आपला आहे, पण भुकेल्या पोराच्या मेसेजखाली तो टाकणं ही झेंड्याचीही बेअब्रू आहे. पहिले पंधरा दिवस ग्रुप एकदम गप्प झाला. तेव्हा कळलं, आपण एवढे दिवस बोलत नव्हतोच, नुसते अंगठे देत होतो.

दुसरी गोष्ट आम्हाला एका पोरानं शिकवली. तो म्हणाला, दादा, सोडून जाणारा आधी ग्रुप सोडत नाही. आधी त्याचा रिचार्ज संपतो. बरोबर आहे! पैसे संपले की पहिली कात्री रिचार्जला. मेसेजवर एकच खूण येते, दुसरी येत नाही. ती दुसरी खूण तीन दिवस आली नाही तर त्याच गावातल्या माणसानं संध्याकाळी त्याच्या खोलीवर जायचं. फोनवर नाही, पायानं. जाताना रिचार्ज मारून जायचं. एकदा गेलो तर पोरगं तापानं पडलेलं, दोन दिवस पाण्यावर. ग्रुपमध्ये असून. असला ग्रुप काय जाळायचा, पाय जोडलेले नसतील तर?

आता एक गोडही सांगतो. एमआयडीसीत लागलेल्या एका पोराला व्हर्नियर वाचता येत नव्हतं. आयटीआयमधून पास झालेला, पण वर्गात व्हर्नियर एक आणि पोरं वीस, त्याच्या वाट्याला ते कधी आलंच नाही. सुपरवायझरला विचारायची चोरी, कारण उत्तर ठरलेलं: "कोट्यातनं पास झाला का रे?" रात्री त्यानं ग्रुपवर लिहिलं. लिहायला त्याला काय लागलं असेल ते मी ओळखतो. श्रीरामपूरचा एक टर्नर, वर्षानं मोठा, त्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आपल्या नगरी बोलीत. "आरं सोप्पंय. वरली पट्टी हाय ना, तिच्यावर खालच्या पट्टीच्या शून्याच्या अलीकडं किती मिलिमीटर झाले ते आधी धर. चोवीस. मंग खालच्या पट्टीची कोणती रेघ वरल्या रेघंशी नीट जुळती ते बघ. तेरावी. एका रेघंला शून्य पूर्णांक शून्य दोन. तेरा दुणे सव्वीस. झालं की, चोवीस पूर्णांक सव्वीस. उंद्या धा येळा कर, मला फोटू नको, आकडं पाठव." कारखान्यात फोन गेटवर जमा होतो, म्हणून आकडे. दुसऱ्या रात्री दहा आकडे आले. त्यातले दोन चुकले होते. पुढच्या रात्री पुन्हा दहा. गावच्या शाळेत "यांच्या डोक्यात गणित जात नाही" ऐकत आपण मोठे झालो. मी तो आवाज धक्क्यावर बसून तीनदा ऐकला. मला व्हर्नियरचा काही उपयोग नाही, तरी ऐकला. कविता म्हणतात ती याच्यापेक्षा फार वेगळी नसते.

असे आवाज आता साठत चाललेत. करार नोंदला गेला की नाही तो पोर्टलवर कसा बघायचा, रोज कुठल्या मशीनवर किती वेळ उभं केलं ते रात्री वहीत कसं लिहून ठेवायचं. ती वही महत्त्वाची आहे. झाडू दिला तर "झाडू" लिहा, तारीख घाला. अप्रेंटिस हा कायद्यानं कामगार नाही, शिकाऊ आहे. हे कलम मालक तुमच्याविरुद्ध वापरतो, म्हणतो युनियन नाही, कामगार कायदे नाहीत. बरं, शिकाऊ तर शिकाऊ. मग शिकवा! झाडू हा फिटरच्या अभ्यासक्रमात नाही. सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम नाही, मशीनवर इजा झाली तर भरपाईचा कायदा लागू आहे. मध्येच सोडलंस तर खर्च भरावा लागेल ही धमकी सगळ्यांना पाठ असते. करार मालकामुळं मोडला तर भरपाई मालकानं द्यायची, हे त्याच कलमात आहे. ते कुणी वाचून दाखवत नाही. वाद झाला तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडं लेखी जायचं, रस्ता आयटीआयमधूनच आहे.

आणि टिकायचं कशासाठी? सरळ हिशेब आहे. मुदत पुरी केली तर परीक्षा, परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र. रेल्वेत खालच्या पदांच्या भरतीत तिच्याच आस्थापनांत अप्रेंटिस पुरी केलेल्यांना २० टक्के जागा आहेत. सातव्या आठवड्यात सोडणाऱ्याला यातलं काही नाही. तो माझ्यासारखा जन्मभर पाठीवर प्रमाणपत्र वागवतो.

कारखान्यांचेही ग्रुप असतात हे विसरू नका. सुपरवायझर ॲडमिन, रात्री बाराला मेसेज, उद्या फर्स्टला या. तिथं अंगठा टाकावाच लागतो. तो ग्रुप म्हणजे मुकादमाची शिट्टी. आपला ग्रुप त्याच फोनवर आहे, म्हणून त्याच जातीचा होऊ द्यायचा नाही. कंपनीचा माणूस आत घ्यायचा नाही, मालकाला शिव्या लिहायच्या नाहीत. शिव्या माझ्याकडं पाठवा, मी कवितेत वापरीन. इथला फोटो बाहेर गेला तर पोराची जागा जाते.

मुलींबद्दल लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. पहिल्या ग्रुपमध्ये सहा मुली होत्या. इलेक्ट्रिशियन, वायरमन, एक वेल्डर. आमच्या वाघांनी रात्री त्यांना वेगळे मेसेज करायला सुरुवात केली. "जेवलीस का ताई" पासून सुरू होऊन जिथं जायचं तिथं गेलं. दोन महिन्यांत सहाही गेल्या. याच नगरात सावित्रीबाई मिस फरार यांच्याकडं शिकवायचं शिकून गेल्या, त्यांच्या फोटोला आपण हार घालतो आणि वेल्डिंग शिकणाऱ्या पोरीला ग्रुपमधून पळवून लावतो. त्या आता स्वतःचा ग्रुप चालवतात. एस्टीतल्या एक ताई ॲडमिन आहेत, त्यांनी आम्हाला घेतलेलं नाही. त्यांच्यातली एकीनंही अजून अप्रेंटिस सोडलेली नाही.

आता रोकडं बोलू. पहिल्या स्टायपेंडपर्यंतचे ते पाच-सहा आठवडे, त्यात पोरगं हातचं जातं. तेवढे दिवस काढायला पोराला चार हजार उसने मिळाले तर मुकादम मागं हटतो. दान नाही, उसने. दुसऱ्या-तिसऱ्या पगारातून परत, मग पुढच्याला. गोदीतल्या आमच्या टोळीनं जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा वाटा कापून सुरुवात केली. त्यावरून भांडण झालं, एकानं मला मनुवादी म्हणून घेतलं. असो. सुप्यात एक खोली बघितलीय, चार पोरं राहतील अशी. घरवाल्याला पूर्ण नाव आधी सांगितलं, तो हो म्हणाला. डिपॉझिट अर्धं जमलंय. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी उरलेलं बघावं. अंकाची वर्गणी थकली तरी चालेल, हे थकवू नका. तुमच्या ओळखीत कुणी फिटर, टर्नर, वीजतंत्री नोकरीत मुरलेला असेल तर त्याचा नंबर पाठवा. त्यानं आठवड्यातून दोन रात्री अर्धा तास द्यावा, बोलीत बोलावं. भाषण नको.

पाथर्डीच्या त्या पोराचा नंबर बंद लागतो. त्याच्या बहिणीकडून मुकादमाचा नंबर मिळवलाय. तो म्हणतो, पोरगं उसात आहे, रात्री नवाला खोपीवर येतं, तेव्हा करा, पण उचल फिटल्याशिवाय सोडणार नाही. उचल किती ते सांगत नाही. आमच्यातले दोघं सोमवारी पाळी बदलून नगरच्या आयटीआयला जाणार आहेत. करार मोडल्याची नोंद झाली आहे का, आणि नसेल तर काय करता येतं, ते विचारायला. मी रात्री नवाला फोन लावतोय. तीन दिवस झाले, रेंज लागत नाही.